चांगला महिना

कोणत्या महिन्यात यावं, विचारतात सगळेच.
मी केळीच्या पानाचा शंकू वळत असते,
टोकाला झेंडू टोचते
आणि समोरचं माणूस बघून उत्तर देते.

थंड देशातल्यांना सांगते, डिसेंबर.
मेकाँगवर सकाळी धुकं असतं,
पलीकडची नाव आवाजावरून ओळखावी लागते,
घाम येत नाही, फोटो चांगले येतात.
पाक्सेच्या कॉलेजातल्या पोरापोरींना सांगते,
तिसऱ्या महिन्याच्या पुनवेला या,
उसाचा रस, कोंबड्यांच्या झुंजी, रात्रभर ढोल,
आणि पहाटे भिक्षूंची रांग इतकी लांब
की माझ्या टोपलीतला चिकट भात
शेवटच्या पात्राशी पोचेपर्यंत निवून जातो.

एप्रिलमध्ये नका येऊ, म्हणते.
डोंगर पेटवलेले असतात, राख उडून डोळ्यांत जाते,
खालची तळी आटतात
आणि म्हशी भेगाळल्या गाळावर उभ्या राहून
पाणी कुठे गेलं ते आठवत बसतात.
पण तेव्हाच पायऱ्यांच्या दोन्ही अंगांनी
चाफा फुलतो.
पान एक नाही. नुसती हाडं,
आणि हाडांच्या टोकांना फुलं.
हे मात्र मी कुणाला सांगत नाही.
लोक उन्हात चक्कर येऊन पडतात,
मग पाणी मलाच द्यावं लागतं.

तिकीटखिडकीतला सोमफोन एकदा म्हणाला,
"फेतसामोन काकू, तुम्ही कधी जाता वर?"
मी झेंडूच निवडत राहिले.
अकरा वर्षं पायथ्याशी बसतेय,
चांगला महिना म्हणजे विक्रीचा महिना,
त्यात वर कोण जाणार?

मी जाते दहाव्या महिन्यात.
भात पोटरीला आलेला असतो,
नदी तांबडी, फुगलेली,
सोमफोन खिडकीत झोपलेला.
चपला हातात घेते.
शेवाळलेल्या अरुंद पायऱ्यांवर पाऊल तिरकं टाकावं लागतं,
सरळ चालणाऱ्याला हा डोंगर
वर घेत नाही.

वर आता बुद्ध बसतो, भगवी शाल पांघरून.
त्याच्या मागे जुन्या देवाची खोली.
देव नाही.
कुणी म्हणतं सैनिकांनी नेला, कुणी म्हणतं साहेबांनी,
माझा बाप म्हणायचा, कंटाळून आपणच जमिनीत गेला.
कड्यातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून आत यायचं,
दिवसरात्र त्याच्या माथ्यावर.
पन्हळ फुटली. तुकडे गवतात पडलेत,
गाईड लोक हातवारे करून
हवेत ती जोडून दाखवतात.

दहाव्या महिन्यात हातवारे लागत नाहीत.
सगळा डोंगरच पाझरतो.
कड्यावरून, मुळ्यांवरून,
द्वारपालाच्या झिजलेल्या कोपरावरून
पाणी वाट काढत आत येतं
आणि जिथे कुणी नाही तिथे
टप, टप,
कुणी असल्यासारखं पडत राहतं.

गेल्या वर्षी माझ्याआधीच एक बाई तिथे उभी होती.
निळा प्लॅस्टिकचा रेनकोट, बुटांत पाणी,
गुडघ्याला खरचटलेलं.
बोटांवर महिने मोजून
तिने माझ्याकडे बघितलं, रडवेली.
चुकीच्या वेळी आले का, असं काहीतरी.
मला तिच्या भाषेतले तीनच शब्द येतात,
धंद्यापुरते:
डिसेंबर, पाणी, सावकाश.
पहिला मी गिळला.

तिची टोपी मागे केली,
दंडाला धरून तिला
अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं,
थेंब भांगात पडेल अशी.

पाणी, म्हटलं मी.
तिने डोळे मिटले.
सावकाश.